उसना विस्तव

"इतक्या वर्षांत तुम्ही या लोकांना दिलं तरी काय, फादर?"

विचारून झालं आणि फादर इनासला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण तोंडातून गेलेला शब्द माघारी कसा घ्यायचा?

थोरले फादर आन्सेल्म उंबऱ्यात बसून वहाणेचा तुटलेला अंगठा शिवत होते. त्यांनी दोरा दातांनी तोडला. वहाण पायात घालून पाहिली. पुन्हा काढली, पुन्हा घातली...

"काही नाही," ते म्हणाले.

मग ते उठले, कोनाड्यातली फुटक्या मडक्याची खापरी उचलली आणि गावाच्या वाटेला लागले.

इनास बघतच राहिला. भांडायला आलेल्या माणसासमोरून कुणी असं निघून गेलं, की त्याची फार पंचाईत होते.

काकडबारी हे सातपुड्याच्या कुशीतलं गाव. घरं एकमेकांना खेटून नाहीत. एक या टेकाडावर, तर दुसरं त्या उतारावर. मधे मोहाची झाडं आणि नागमोडी पायवाटा. गावाच्या खालच्या अंगाला मिशनचं दगडी घर, पुढे अंगण, अंगणात लाकडी क्रूस. शाळा सरकारी, दवाखाना खाली बाजाराच्या गावात. म्हणजे पाद्रीबाबांनी करायचं असं इथं काही नव्हतंच.

फादर आन्सेल्म तरुणपणी बर्फाच्या देशातून इथं आले. त्यांचे केस इथंच पिकले. गावाची बोली ते गावासारखीच बोलत. ती बोली वेगळी आहे. आपण ती आपल्या मराठीत ऐकू, नाहीतर गोष्ट इथंच अडून बसेल.

इनास वसईचा. त्याच्या घराण्यात कितीतरी पिढ्या चर्चच्या घंटेवर उठल्या आणि चर्चच्या घंटेवर निजल्या. सेमिनरीत तो पहिला आलेला. गळा गोड, प्रवचन असं की बायका पदरानं डोळे पुसत. आपल्याला चांगलं बोलता येतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याला इथं पाठवताना बिशप म्हणाले होते, "त्या गावातला एक माणूस आजवर आपल्या दारी काही मागायला आलेला नाही. एकही नाही. ईस्टरपर्यंत तू राहा. कुणी आलं, तर मिशन चालू ठेवू. नाही आलं, तर थोरल्या फादरांना सांभाळून खाली घेऊन ये. म्हातारपणी त्यांचे हाल नकोत."

इनासनं मान डोलावली होती. मनात म्हटलं होतं, ईस्टरपर्यंत? त्याच्या आतच रांग लावतो.

ऊन अंगणात येईपर्यंत थोरले फादर परत आले. खापरीत राखेखाली दोन निखारे. ते चुलीत ठेवून त्यांनी फुंकर घातली, तुऱ्हाट्या पेटल्या, चहाचं आधण चढलं.

"फादर, काडेपेटी कोनाड्यातच आहे."

"आहे."

"मग रोज दारोदार विस्तव कशाला मागता?"

थोरल्या फादरांनी साखरेचा डबा शोधला. "काडेपेटी 'बस जरा' म्हणते का?"

इनासला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "आणि ते? ते कधी येतात आपल्याकडे मागायला?"

"नाही."

"का?"

"पाहुण्याकडे विस्तव कोण मागतं?"

"इतक्या वर्षांनी तुम्ही पाहुणे?"

म्हाताऱ्यानं चहा गाळला. मोठा पेला इनासपुढे सरकवला, लहान आपल्याकडे ओढला.

दुसऱ्या दिवशी इनास मुद्दाम त्यांच्या मागोमाग गेला. पहिलं घर गेमतीबाईचं. ती म्हातारी विधवा, कपाळावर गोंदण, बोलणं तुटक. थोरले फादर तिच्या दारात उभे राहिले. ती "बस" म्हणाली. ते बसले. शेळी व्याली का, पाय दुखतो का, असं थोडं बोलणं झालं, थोडं झालं नाही. मग तिनं चिमट्यानं दोन निखारे खापरीत टाकले, वर राख लोटली.

"गरम आहे. सांभाळून ने," ती म्हणाली.

बस. एवढंच. येशूचं नाव नाही, प्रार्थना नाही, एक वचन नाही. वाटेत इनासला राहवलं नाही. "एवढंच बोलते ती?"

"पहिल्या दिवसापासून एवढंच."

"आणि तुम्ही?"

"मी सांभाळून नेतो."

इनासच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सारी हयात घालवली या माणसानं, आणि कमाई काय, तर खापरीभर निखारे!

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या डोंगरातल्या गावी कुणी वारलं. थोरले फादर माती द्यायला गेले. मुक्कामच पडणार होता. इनासनं ती संधी साधली. खाली बाजाराला जाऊन त्यानं काडेपेट्यांचा खोका आणला. स्वतःच्या खिशातून आणला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्याच्या मनात खोट नव्हती. म्हाताऱ्या बायका पहाटे उठून राख उकरतात, फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतात, ते त्याला खरंच बघवत नव्हतं.

तो घरोघर गेला. प्रत्येक घरच्या बाईपुढे त्यानं काडेपेटी धरली. "घ्या. आता कुणाच्या दारी विस्तव मागायला जायला नको. ख्रिस्त हा जगाचा प्रकाश आहे."

बायकांनी हातातलं काम थांबवलं. काहींनी काडेपेटी हातात न घेता खाली जमिनीवर ठेवायला सांगितली. गेमतीबाईनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इनासला वाटलं, भारावली बिचारी.

त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

सकाळी दार उघडलं तर क्रूसाच्या पायथ्याशी काडेपेट्यांचा ढीग. एकही फोडलेली नव्हती.

दुपारी थोरले फादर आले. डोंगर उतरून येताना ते नेहमीसारखे गेमतीबाईच्या दारात थांबले होते. बरोबर नेलेली खापरी रिकामीच परत आली होती.

त्यांच्या पाठोपाठ गावचा कारभारी दाज्या आला. एरवी तो थेट चुलीपाशी येऊन बसायचा. आज कुंपणाच्या बाहेरच थांबला.

"बाबा, तुझ्या माणसानं दारोदार आग आणून ठेवली."

थोरल्या फादरांनी डोळे मिटले.

"काय झालं?" इनासनं विचारलं. "मी तर मदत म्हणून..."

दाज्या त्याच्याकडे न बघता बोलला. "आमच्यात भाऊ भावाशी तोडतो तेव्हा भांडत बसत नाही. आग नेऊन त्याच्या दारात ठेवतो. 'घे तुझी आग. आता तू माझ्या चुलीशी येऊ नको, मी तुझ्या चुलीशी येत नाही.' असं एका घरानं एका घराशी केलं तरी गाव जेवत नाही. तुझ्या माणसानं ते सगळ्या गावाशी केलं. हसत हसत केलं."

इनासच्या तोंडचं पाणी पळालं. "मला माहीत नव्हतं हो!"

"माहीत नव्हतं ते कळलं आम्हाला. तू लहान आहेस. पण दारात ठेवलेली आग ठेवलेलीच राहते."

"मी माफी मागतो. सगळ्यांची. काय करायचं ते सांगा, आत्ता करतो."

दाज्यानं कुंपणाला हात टेकला. शेवटी म्हणाला, "सगळ्या गावाशी तुटलं. जोडायचं तर सगळ्या गावानं जोडायचं. एका घराच्या हातात ते राहिलं नाही आता."

"पण जोडतात? कधी?"

"ज्याची चूल खरोखर विझली, त्याच्याशी." आणि तो निघून गेला.

थोरल्या फादरांनी खापरी पुसली आणि कोनाड्यात जागच्या जागी ठेवली. मग ते हात धुऊन वाटीत हरभरे भिजत घालू लागले.

इनास समोर उभा. "रागवा ना फादर. काहीतरी बोला."

"रागावलो तर तुला हलकं वाटेल. थोडे दिवस जड राहू दे."

त्या दिवसापासून दगडी घराची चूल थंड पडली. ईस्टरआधीचा उपवासकाळ नुकताच लागलेला. थोरले फादर भिजवलेले हरभरे खात, गूळ खात, कधी मोहाची फुलं. इनासजवळ रॉकेलचा स्टोव्ह होता. पहिल्या दिवशी त्यानं त्यावर चहा करून त्यांच्यापुढे ठेवला.

"तू घे," ते म्हणाले. चहा तसाच निवला.

इनासनं ठरवलं, चूक माझी, तर मीच निस्तरणार. सकाळी स्टोव्हवर पोहे करून खाल्ले, धुतलेला झगा घातला, खापरी घेतली आणि गेमतीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, विस्तव दे."

गेमतीबाई शेणानं अंगण सारवत होती. तिनं वर पाहिलं, नाकानं हवा हुंगली.

"तुझ्या अंगाला रॉकेलचा वास येतो."

"हो, ते... स्टोव्ह आहे माझ्याकडे."

"मग घरी आग आहे की तुझ्या. मागतोस कशाला? नाटक करायला?"

ती पुन्हा सारवायला लागली. इनास हात हलवत परत आला. असा अपमान त्याच्या वाट्याला उभ्या जन्मात आला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, म्हातारीचं खरं होतं.

बाजाराच्या दिवशी खाली जाणारी जीप आली. स्टोव्ह, रॉकेलचा डबा, कोनाड्यातली काडेपेटी आणि काडेपेट्यांचा तो सगळा ढीग त्यानं जीपवाल्याच्या हवाली केला.

"विकू का फादर?" जीपवाल्यानं विचारलं.

"कुणाला लागेल त्याला दे. आम्हाला नको."

घरात जाऊन त्यानं थोरल्या फादरांच्या शेजारी वाटी ठेवली. "मलाही हरभरे घाला."

म्हाताऱ्यानं मूठभर घातले. मग आणखी थोडे. तरुण पोटाचा त्यांना अंदाज होता.

पहिले दिवस इनासचे फार वाईट गेले. पोटात कावळे ओरडत. गरम भाताच्या वासाची स्वप्नं पडत. पहाटे सातपुड्यातला गारठा हाडात शिरे, आणि अंघोळीचं पाणी कसलं असेल ते न विचारलेलंच बरं. पण रोज उजाडलं की तो खापरी घेऊन निघे. एकेका दारात उभा राही. "विस्तव द्या," म्हणे. कुणी देत नसे. कुणी हाकलतही नसे. बायका आपापलं काम करत. तो थोडा वेळ थांबे आणि पुढच्या टेकाडाला लागे.

"फादर, हे असं किती दिवस?" एकदा त्यानं विचारलं.

"तू काल किती वेळ उभा होतास गेमतीच्या दारात?"

"बराच."

"काय करत होती ती?"

इनास गोंधळला. "मी... पाहिलं नाही. मी प्रार्थना करत होतो. तिचं मन वळावं म्हणून."

"हं." म्हाताऱ्यानं हरभरा चावला. त्यांना दात थोडेच उरले होते, एकेक हरभरा वेळ घ्यायचा. "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं. गेमतीबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शिंक्यावरचं मडकं काढायला ती उखळावर चढायची. एवढे दिवस आपण हिच्यासाठी देवाला साकडं घालत होतो, आणि हिचा हात वर जात नाही हे आपल्याला माहीत नव्हतं! इनासला स्वतःची लाज वाटली. त्यानं पुढे होऊन मडकं काढून दिलं. तिनं ते घेऊन चुलीपाशी ठेवलं. त्या दिवशी विस्तव मागायचं तो विसरून गेला, आणि विसरलो हे त्याला घरी आल्यावर आठवलं.

मग तो बघायला शिकला. दाज्याचा बैल एका डोळ्यानं आंधळा होता, आणि दाज्या नेहमी त्या बाजूनं चालायचा, त्याला धक्का लागू नये म्हणून. वरच्या टेकाडावरची नवी सून चुलीत पहिला घास टाकून मगच वाढायला घ्यायची. कितीतरी गोष्टी. त्यांत उपदेश कुठं बसवावा ते इनासला कळेना, आणि हळूहळू ते न कळल्याचं दुःखही वाटेना.

असा तो पवित्र आठवडा आला. आणि थोरले फादर आजारी पडले.

आधी खोकला. मग अंगात थंडी भरली. गुड फ्रायडेच्या दिवशी ते क्रूसाच्या पायाशी गुडघे टेकून बसले, ते उठेचनात. इनासनं त्यांना उचलून आत आणलं. उचलताना त्याच्या लक्षात आलं की या माणसाचं ओझंच नाही. दोन्ही घोंगड्या घातल्या तरी ते कापत होते.

शनिवारी दुपारी त्यांचे ओठ काळेनिळे दिसू लागले.

"फादर, खाली दवाखान्यात नेतो तुम्हाला."

"उद्या जीप येणारच आहे." ते कसंबसं हसले. "बिशपांची."

खरंच की. उद्या ईस्टर. उद्या जीप. इनास ते विसरलाच होता. बिशपांची अट, रांग लावण्याची बढाई, सगळं दुसऱ्याच कुणाच्या आयुष्यात घडल्यासारखं वाटत होतं. आता एकच गोष्ट खरी होती. या म्हाताऱ्याला घोटभर गरम पाणी हवं होतं, आणि ते द्यायला त्याच्याजवळ विस्तव नव्हता.

तो धावत सुटला. खापरी घ्यायचंही भान राहिलं नाही. गेमतीबाईच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि पायातून रक्त येत होतं.

"आई... तो गारठलाय. म्हातारा गारठलाय. मला नको, त्याला दे. माझ्यामुळे झालं सगळं. मला काय वाटेल ते कर, पण त्याला दे."

आणि गोड गळ्याचा, पहिल्या नंबरचा, बायकांना रडवणारा फादर इनास उंबऱ्यापाशी बसून लहान पोरासारखा रडला.

गेमतीबाई चुलीपुढे होती. चुलीत लालबुंद निखारे होते. ती निखाऱ्यांकडे बघत राहिली. तिचा हात चिमट्याकडे गेला... आणि थांबला.

"घरी जा," ती म्हणाली.

"आई..."

"एकटीच्या हातात नाही ते. जा. त्याच्यापाशी बस."

तो परत आला. रस्ता कसा सरला ते त्याला कळलं नाही.

"काय म्हणाली?" थोरल्या फादरांनी डोळे न उघडता विचारलं.

"घरी जा म्हणाली."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "अंगणात लाकडं रच."

"विस्तव नाही, फादर."

"ईस्टरचा अग्नी पेटवायचा की नाही? रच."

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि ती घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये जातात. वसईला त्या वेळी माणूस मावत नाही. इथं एक आजारी म्हातारा होता, दाराशी आणलेल्या खाटेवर, घोंगड्यांत गुंडाळलेला. आणि इनास होता. त्यानं लाकडं रचली. शेजारी मेणबत्ती ठेवली. बसून राहिला.

सूर्य डोंगराआड गेला. मोहाची झाडं काळी पडली.

"आणि विस्तव आलाच नाही तर?"

"तर अंधारात गाऊ," थोरले फादर म्हणाले. "तुझा आवाज चांगला आहे."

पहिला ठिपका वरच्या टेकाडावर दिसला. इनासला वाटलं, काजवा. पण तो लाल होता. मग उतारावर दुसरा. मग दाज्याच्या घराकडून. मग सगळीकडून, प्रत्येक टेकाडावरून, प्रत्येक पायवाटेनं लाल ठिपके हलू लागले. माणसं दिसत नव्हती, नुसते निखारे खाली उतरत होते. पायाखालचा पाचोळा तेवढा वाजत होता.

इनास उठून उभा राहिला. त्याच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून त्यानं शेकडो मेणबत्त्यांचे सोहळे पाहिले होते, पण असं काही त्यानं पाहिलं नव्हतं. देव डोंगर उतरून येतो तेव्हा असाच येत असेल, असं त्याला वाटलं.

कुंपणापाशी सगळी थांबली. प्रत्येक घराची एक बाई, तिच्या हातात खापरी. पुढे दाज्या.

"बाबा, चूल विझली का?" त्यानं विचारलं.

"विझली," थोरले फादर म्हणाले.

"खरोखर?"

खाटेवरून उत्तर आलं नाही. इनासनं पाहिलं, सगळे त्याच्याकडे बघत होते.

"खरोखर विझली," इनास म्हणाला. "माझी."

दाज्यानं कुंपणाचं झापं बाजूला केलं. एकेक बाई आत आली. एकेकीनं आपल्या चुलीतला निखारा रचलेल्या लाकडांत ठेवला. शेवटी गेमतीबाई. तिला वाकता येईना. इनासनं तिच्या कोपराला आधार दिला. तिचा निखारा पडला आणि तिनं तोंड खाली नेऊन फुंकर घातली.

जाळ उठला. एकदम उठला, माणसाच्या उंचीचा.

इनासनं मेणबत्ती पेटवली. 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं तीनदा गायचं असतं. तो पहिल्यांदा गायला तेव्हा आवाज फुटला. दुसऱ्यांदा सूरच सापडला नाही. तिसऱ्यांदा तो नुसता ओठ हलवत राहिला, आणि त्या आधी कधीच त्यानं ते इतकं मनापासून म्हटलं नव्हतं.

बायकांनी त्याच जाळावर पाणी तापवलं. थोरल्या फादरांना पाजलं, त्यांचे तळपाय शेकले. गाव बराच वेळ जाळाभोवती बसलं. जाताना निखारे फादरांच्या चुलीत भरून, वर राख ओढून गेलं.

ईस्टरची सकाळ उजाडली. थोरल्या फादरांचा ताप उतरला होता. ते भिंतीला टेकून बसले होते आणि इनासनं केलेला चहा दोन्ही हातांत पेला धरून पीत होते. दाराशी त्यांची ट्रंक बांधून ठेवलेली.

"जीप दुपारी येईल," इनास म्हणाला.

"येईल."

"मी काय सांगू बिशपांना? गाव आलं म्हणून सांगू?" त्याला राहवेना. "पण त्यांनी विचारलं होतं, कुणी मागायला आलं का. मागायला कुणी नाही आलं, फादर. काल पण ती द्यायलाच आली."

थोरले फादर चहा प्यायले. "हो. द्यायलाच आली."

प्रथमच त्यांचा आवाज इनासला थकलेला वाटला. एवढ्या वर्षांचा थकवा होता तो. इनासला ट्रंकेकडे बघवेना.

तेवढ्यात झापं वाजलं.

गेमतीबाई होती. ती कुंपणाशी थांबली नाही. अंगण ओलांडून, कालच्या राखेला वळसा घालून, थेट उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या हातात खापरी होती. खापरी रिकामी होती.

"काल इथं बसले," ती म्हणाली. "चूल विझली माझी. इस्तू दे."

थोरल्या फादरांच्या हातातला पेला हलला, चहा त्यांच्या बोटांवर सांडला. त्यांनी पेला खाली ठेवला, भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला, पण पायांनी साथ दिली नाही. त्यांच्या पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"इनास," ते म्हणाले, "दे तू."

इनासनं राख सारली. खाली निखारे धगधगत होते. त्यानं चिमटा घेतला. सेमिनरीत शिकलेलं सगळं, पाठ केलेली सगळी वचनं, आजवरची सगळी प्रवचनं त्याच्या जिभेवर गोळा झाली. सगळी वर्षं या एका घडीसाठी होती, आणि त्यातलं कुठलं वाक्य म्हणावं ते त्याला समजेना.

निखारा खापरीवर धरून तो थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं.

"फादर... देताना काय म्हणू?"

थोरल्या फादरांनी गेमतीबाईकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"म्हण... गरम आहे. सांभाळून ने."